कॉलेजची फी आणि आपली कागदं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांसाठी

आमच्या घरात कॉलेजच्या फीचं बोलणं रात्री, जेवणं झाल्यावर आणि हळू आवाजात व्हायचं. बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत, आई शिवणकाम करून बचत गट सांभाळायची. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, आणि सरकारी कागद सगळे कन्नडमध्ये. कुणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं, त्यामुळे पहिल्या वर्षी हक्काचे पैसेसुद्धा हातात आले नाहीत. आता दर उन्हाळ्यात मजगाव-अनगोळकडची आणि खानापूरच्या पाहुण्यांची पोरं फाईल घेऊन माझ्याकडं येतात. त्यांना तोंडी सांगतो तेच इथं लिहितोय, ज्या क्रमानं करायचं त्याच क्रमानं.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. शिष्यवृत्ती बहुतेक वेळा फी भरून झाल्यावर येते. कधी सहा महिन्यांनी, कधी पुढच्या वर्षी. "स्कॉलरशिप आली की भरू" म्हणून बसलात तर ॲडमिशन जाते. पहिला हप्ता कुठून आणायचा हा एक प्रश्न, आणि नंतर किती परत मिळवायचं हा दुसरा. दोन्हींची तयारी वेगळी.

आधी राज्य ठरवा

हा प्रश्न हुबळी-मैसूरच्या पोरांना पडत नाही, आपल्याला पडतो. निपाणीचं देवचंद कॉलेजच बघा. निपाणीची पोरं सायकलवरनं जातात, पण कॉलेज आहे अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुका, कोल्हापूर जिल्हा, आणि विद्यापीठ शिवाजी. घर कर्नाटकात, हजेरी महाराष्ट्रात. अशा पोराचा अर्ज बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली शिकणाऱ्या मित्राच्या अर्जासारखा भरला तर तो अडकणारच.

कर्नाटकात राहिलात तर पदवीची ॲडमिशन यूयूसीएमएस या विद्यापीठांच्या सामाईक पोर्टलवरून होते, शिष्यवृत्ती एसएसपी म्हणजे राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवरून, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीची सरकारी सीट केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) सीईटीतून. साखळी एकमेकांना जोडलेली आहे, म्हणून पैशाच्या दृष्टीनं हा रस्ता सोपा पडतो.

महाराष्ट्रात जायचं असेल तर सीमाभागाचा मुद्दा उपयोगी पडतो. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे (डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळानं ठरावही केला), तिथल्या मराठी उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशात वेगळा प्रकार ठेवलेला आहे, त्याला 'टाइप ई' म्हणतात. त्यासाठी मुख्य दोन कागद लागतात: तुम्ही त्या भागातले आहात याचा दाखला, आणि मातृभाषा मराठी असल्याचं शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र. दुसरा कागद दहावीचा निकाल घ्यायला जाता तेव्हाच मागून ठेवा. बारावीनंतर शाळेत जाता तेव्हा हेडमास्तर बदललेले असतात आणि नवे म्हणतात, "मी कसं लिहून देऊ?" शिवाजी विद्यापीठानंही सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी फीमध्ये सवलत ठेवलेली आहे, ॲडमिशनच्या खिडकीवर ती आपण होऊन कुणी सांगत नाही, विचारावं लागतं.

पण सीट मिळणं वेगळं आणि शिष्यवृत्ती मिळणं वेगळं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती मूळ राज्य देतं, म्हणजे कोल्हापुरात शिकलात तरी अर्ज कर्नाटकातच. बाकीच्यांनी सीट घेण्याआधी दोन्हीकडं विचारून घ्यावं. आणि जातीचा दाखला राज्य बदललं की बदलतो. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात आहे. केंद्राची ओबीसी यादी वेगळी, महाराष्ट्राची वेगळी. गडहिंग्लजच्या मामाचा कुणबी दाखला दाखवून इथं काही होत नाही. दरवर्षी एकजण तरी तो घेऊन येतोच.

कागदं: मे महिन्यात, जूनमध्ये नाही

पीयूसीचा निकाल एप्रिलमध्ये लागतो. जूनमध्ये नाडकचेरीत (दाखले देणारं महसूल कार्यालय) पाय ठेवायला जागा नसते, आणि सर्व्हर पडलेला असतो. मे महिन्यात जा, किंवा गावातल्या 'ग्रामा वन' (Grama One) सरकारी सेवा केंद्रातून अर्ज करा.

मागायचा तो जात आणि उत्पन्नाचा दाखला. अनुसूचित जाती-जमातीसाठी तो 'फॉर्म डी', प्रवर्ग १ साठी 'फॉर्म ई', आणि २-अ, २-ब, ३-अ, ३-ब साठी 'फॉर्म एफ'. दाखल्यावर 'आरडी'नं सुरू होणारा लांबलचक नंबर असतो. सगळा खेळ त्या नंबरावर आहे. एसएसपीला कागदाची झेरॉक्स नको असते, हा नंबर हवा असतो. फॉर्म एफची मुदत पाच वर्षं. दहावीत काढलेला दाखला पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात संपतो, आणि पोराला ते अर्ज नाकारल्यावर कळतं. तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

उत्पन्न लिहिताना तलाठ्यासमोर गडबडू नका. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न, म्हणजे शेत, मजुरी, पगार सगळं मिळून. वडील "लिवा की काहीतरी" म्हणतात आणि नंतर तोच आकडा आडवा येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची आहे. मागासवर्गीयांसाठी ती प्रवर्गाप्रमाणे बदलते, त्या वर्षीचा आदेश एसएसपीवर वाचा. आकडा खरा असू द्या आणि सगळीकडं एकच असू द्या.

आता नावाचं प्रकरण. आपल्याकडं हे इतरांपेक्षा जास्त बिघडतं, कारण नाव मराठीत ठेवलं जातं, कन्नडमध्ये नोंदलं जातं आणि इंग्रजीत छापलं जातं. ज्ञानेश्वरचं बघा. मराठी माणूस इंग्रजीत 'डी-एन-वाय-ए' असं सुरू करतो. कन्नड ऑपरेटर 'जे-एन-ए' किंवा 'जी-एन-ए' लिहितो. एकाच पोराच्या दहावीच्या मार्ककार्डावर एक, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. त्यात मार्ककार्डावर आडनाव शेवटी, आधारवर आधी, आणि वडिलांचं नाव कुठं पूर्ण तर कुठं नुसतं अक्षर. कंप्युटरला हे तीन ज्ञानेश्वर वाटतात.

उपाय एकच: दहावीचं मार्ककार्ड हा पाया माना. ते बदलणं सगळ्यात अवघड, म्हणून बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याच स्पेलिंगनं दाखला काढा. उलटं केलंत तर दाखला परत काढावा लागतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग कागदावर लिहून घेऊन जा, तोंडी सांगू नका.

खातं

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट. एसएसपीवर 'पैसे जमा' दिसत होतं, पासबुकात शून्य. कॉलेज म्हणतं बँकेत विचारा, बँक म्हणते कॉलेजात. आठ महिन्यांनी कळलं की गावात कॅम्प लागला होता तेव्हा आईनं माझं एक झिरो बॅलन्सचं खातं उघडलं होतं, आधार त्याला जोडलेला होता, आणि पैसे त्या खात्यात गेले होते. ते खातं वापर नाही म्हणून बंद पडलेलं. पैसे परत सरकारकडं.

सरकारी पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधार ज्या खात्याला शेवटचा जोडला, त्यात जातात. म्हणून अर्जाआधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' तपासा. तिथं बँकेचं नाव दिसतं. खातं मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावावर हवं, वडिलांचं चालत नाही. केवायसी झालेलं हवं, चालू हवं. बँकेत रांगा असतील तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमनकडूनही उघडून आधार जोडून घेता येतो. गावाकडच्या मुलींना हे बरं पडतं.

एसएसपीचा अर्ज

पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठी नाही. इंग्रजी निवडा, सायबर कॅफेवाल्याच्या हातात सगळं सोडू नका. पासवर्ड त्याच्या वहीत आणि ओटीपी त्याच्या फोनवर असलेली पोरं मी बघितली आहेत. पुढच्या वर्षी ते दुकान बंद झालेलं असतं.

विद्यार्थ्याच्या आधारवरून खातं उघडायचं. मग आरडी नंबर, कॉलेजचा रजिस्ट्रेशन नंबर, कोर्स, वर्ष, फी. काही कागदांना ई-अटेस्टेशन लागतं, म्हणजे ठरवून दिलेला अधिकारी कागद ऑनलाईन पडताळून नंबर देतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी. वसतिगृहात राहता की घरून येता, हे बरोबर निवडा. यावरून रक्कम बदलते.

वसतिगृहाचा अर्जही वेगळा भरा, विसरू नका. खानापूरच्या जांबोटी-नंदगडकडून बेळगावात शिकायला येणाऱ्या मागासवर्गीय मुलाला सरकारी वसतिगृह मिळालं तर फीपेक्षा मोठा खर्च वाचतो. नाही मिळालं तर 'विद्यासिरी' आहे: जेवण-राहण्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम, दहा महिने. वसतिगृह आणि विद्यासिरी दोन्ही मिळत नाही, पण नाव लागलं नाही म्हणून विद्यासिरीचाही अर्ज न करणारे बरेच.

अर्ज सबमिट झाल्यावर प्रिंट काढून कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात द्या आणि पोच घ्या. कॉलेजनं त्यांच्या लॉगिनमधून मंजूर केल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघा.

"अर्ज भरलास काय रे?" "भरलो की, गेल्या वर्षी." हे उत्तर मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. दरवर्षी भरायचा असतो. दरवर्षी!

सीट कुठली, यावर मदत ठरते

इंजिनिअरिंगला किंवा तसल्या कोर्सला जाणाऱ्यांसाठी हे थोडक्यात. केईएची सरकारी सीट असेल तर फी कमी आणि मदतीचे दरवाजे उघडे. तीच ब्रँच, तेच कॉलेज, पण मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की बहुतेक दरवाजे बंद. घरचे दागिने मोडून मॅनेजमेंट सीट घेण्याआधी एक वर्ष थांबून परत सीईटी देणं, किंवा डिप्लोमाला जाणं, मला तरी शहाणपणाचं वाटतं. लोक रागावतात यावर.

सीईटीच्या अर्जात टिक करतानाच तीन गोष्टी बघा. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकला असाल तर ग्रामीण कोटा. कन्नड माध्यमाचा कोटा आपला नाही, मराठी माध्यमवाल्यांनी चुकून तिथं टिक करू नये, पडताळणीत उडते आणि धावपळ होते. आणि एसएनक्यू: खासगी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ५ टक्के जादा सीट, जिथं ट्यूशन फी माफ असते. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. आपल्या बहुतेक घरांना ही लागू होते, पण अर्ज करताना उत्पन्नाचा दाखलाच नसतो.

घरात कोण काय काम करतं?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण जातीवर न मिळणारे पैसे कामावर मिळतात.

निपाणी भागात आई विड्या वळत असेल आणि तिच्याकडं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल, तर केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. पदवी, आयटीआय, पॉलिटेक्निकला वर्षाला ६००० आणि इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सला २५,००० रुपये. ओळखपत्र ट्रंकेत पडून आहे आणि पोरगी फीसाठी रडतेय, असं चित्र मी स्वतः बघितलंय. वडील गवंडी, सेंट्रिंग किंवा फरशीच्या कामावर असतील तर बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड चालू आहे का बघा; नोंदणीकृत कामगारांच्या मुलांना शैक्षणिक मदत असते.

अनुसूचित जाती-जमातीची मुलं पहिल्याच प्रयत्नात, पहिल्या वर्गात पास झाली तर समाज कल्याण खातं बक्षीस रक्कम देतं: पीयूसी आणि डिप्लोमाला २०,०००, पदवीला २५,०००, पदव्युत्तरला ३०,०००, इंजिनिअरिंग-मेडिकलला ३५,०००. ही शिष्यवृत्तीच्या वर, वेगळी. अर्ज वेगळा आणि मुदत असते.

'अल्पसंख्याक' शब्दानं आपले लोक फसतात. आपण भाषिक अल्पसंख्याक आहोत, पण शिष्यवृत्तीतला अल्पसंख्याक म्हणजे धर्मानं: मुस्लिम, ख्रिश्चन, जैन, बौद्ध, शीख, पारशी. कागवाड-चिकोडीकडच्या मराठी बोलणाऱ्या जैन घरांनी हे जरूर बघावं.

मुलींसाठी दोन. तांत्रिक डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असाल तर एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. आणि दहावी-बारावी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजात झाली असेल तर अझीम प्रेमजी शिष्यवृत्ती, वर्षाला ३०,०००. आपल्याकडच्या बऱ्याच मुलींची दहावी सरकारी मराठी शाळेत झालेली असते. पीयूसीही सरकारी कॉलेजात केली तर ही जमते. दहावीनंतर कॉलेज निवडतानाच हे लक्षात असलेलं बरं. जाण्या-येण्याचं म्हणाल तर जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना राज्यातल्या साध्या बसला तिकीट नाही. मुलांनी विद्यार्थी पास काढावा.

पीयूसीला चांगले गुण असतील, म्हणजे बोर्डात आपल्या शाखेच्या वरच्या २० टक्क्यांत, आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, तर केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती: पदवीला वर्षाला १२,०००, पदव्युत्तरला २०,०००. जात कुठलीही चालते. मात्र त्याच वर्षी दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. कुठली जास्त पडते ते मांडून एकच धरा.

पहिला हप्ता, आणि कर्ज

फीची पावती घेण्याआधी ऑफिसात तीन गोष्टी विचारा: एकूण फी कुठल्या कुठल्या नावाखाली आहे, हप्ते मिळतील का, आणि शिष्यवृत्ती मंजूर झाली तर भरलेली फी परत मिळते का. मग प्राचार्यांना अर्ज लिहा, उत्पन्नाचा दाखला जोडून, तीन हप्त्यांची मागणी करून. खिडकीवरचा क्लार्क नाही म्हणाला तरी लिहा. प्राचार्य बहुतेक वेळा हो म्हणतात.

उसने पैसे घ्यायचेच तर बचत गटातून घ्या. आठवड्याच्या हप्त्याचं मायक्रोफायनान्स फीसाठी उचलू नका. बेळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी बायका त्यात अडकल्या, आणि २०२५ मध्ये सरकारला वसुलीच्या दादागिरीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. शिष्यवृत्ती वर्षानं येणार, हप्ता दर आठवड्याला. हे गणित बसतच नाही.

सीईटीतून व्यावसायिक कोर्सला गेलेल्यांसाठी 'अरिवु' नावाचं कमी व्याजाचं कर्ज महामंडळांकडून मिळतं. मागासवर्गीयांसाठी देवराज अरसु महामंडळ, अल्पसंख्याकांसाठी त्यांचं महामंडळ. मराठा समाजासाठीचं महामंडळ २०२० मध्ये जाहीर झालं, तेही शैक्षणिक कर्ज देतं. निधी थोडा असतो आणि तारखा लवकर संपतात.

बँकेचं कर्ज: चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असा नियम आहे. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमीवर विनातारण मिळू शकतं. हप्ते कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू. २०२४ च्या नोव्हेंबरपासून पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे, पण ती ठरावीक नामांकित संस्थांपुरती. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. व्यावसायिक किंवा तांत्रिक कोर्स आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षण चालू असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी बँकेच्या शाखेनं वेळेत दावा पाठवावा लागतो. उत्पन्नाचा दाखला द्या, दाव्याची चौकशी दरवर्षी करा. वडिलांचं पीककर्ज थकलं असेल तर मॅनेजर तेच पुढं करतो. नकार दिला तर कारण लिहून मागा, आणि विद्यालक्ष्मी पोर्टलवरून दुसऱ्या शाखेला अर्ज टाका. लिहून द्या म्हटलं की आवाज जरा खाली येतो, हा माझा अनुभव.

शेवटी भाषेचं. बेळगावात कार्यालयातल्या बऱ्याच लोकांना मराठी कळतं. पण जिल्हा कार्यालयात बदलून आलेला माणूस बळ्ळारीचा असू शकतो, आणि आपण पोरं दारात घुटमळत उभी राहतो. दोन वाक्यं पाठ करा. "नन्न अर्जी याव हंतदल्लिदे?" म्हणजे माझा अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे. "यार हत्तिर बाकी इदे?" म्हणजे कुणाकडं अडकलाय. अर्जाची प्रिंट आणि आरडी नंबर हातात धरून हे विचारलंत की समोरचा माणूस कंप्युटरकडं वळतो. उत्तर कन्नडमध्ये आलं आणि कळलं नाही तर लाजू नका, "बरेदु कोडि" म्हणा. लिहून द्या. ती चिठ्ठी घेऊन कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्ककडं जा.